सतरा नंबरचा बिल्ला

पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्यांना सगळे खटकेकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही रोज उघडणाऱ्या कारकुनालाही ते चटकन आठवत नसे. काम तसं सांगायला सोपं. एका लहानशा खोलीत बसायचं, भिंतीवरचा मोठा खटका सांगतील तेव्हा वर करायचा आणि सांगतील तेव्हा खाली ओढायचा. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं. यात काय एवढं मोठं, असं कुणालाही वाटेल. काकांना मात्र तसं कधीच वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये जमिनीत बांधलेला एक गोल हौद होता, दोन पुरुष खोल. त्यात रद्दी टाकायची, पाणी सोडायचं, खटका वर करून तळाचं पातं फिरवायचं, की तासाभरात रद्दीचा लगदा होई. पण रद्दी काही सोवळ्यात येत नाही. तिच्याबरोबर तारा, सुतळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, कुणाच्या चपलांचे अंगठेसुद्धा यायचे, आणि ते सगळं पात्याला गुंडाळून बसायचं. म्हणून दिवसातून एकदा हौद रिकामा करत आणि एक माणूस शिडीने आत उतरून पातं मोकळं करी. खटक्याची खोली तिथून ऐंशी पावलांवर, मध्ये दोन भिंती. खोलीतून हौद दिसत नसे आणि हौदातून खोली.

दोघांच्या मध्ये दुवा एकच होता, तो म्हणजे बिल्ला. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर ठोकलेला. एरवी सगळे बिल्ले गेटजवळच्या फळीवर टांगलेले असत. हौदात उतरणाऱ्याने आपला बिल्ला तिथून काढायचा, काकांच्या खोलीत येऊन खटक्याखालच्या हुकाला अडकवायचा आणि मग उतरायचं. बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढून न्यायचा. हुकावर बिल्ला आहे तोवर खटका वर जाणार नाही. एवढंच. हा नियम कुठे छापलेला होता की नाही कोण जाणे, पण काकांच्या अंगात तो भिनलेला होता.

काका स्वभावाने नाकासमोर चालणारे, आणि तेही नजर खाली घालून. बुटाच्या दुकानदाराने एकदा त्यांना एक नंबर लहान बूट दिले आणि 'वापरून सैल होतील' म्हणाला, तर हा गृहस्थ दोन वर्षं लंगडत कामावर गेला. न्हावी विचारायचा, किती कमी करू, तर हे म्हणायचे, तुम्हाला योग्य वाटेल तेवढे. घरी साहेबांचा फोन आला की आधी शर्टाची बटणं लावायचे आणि मग उभं राहून बोलायचे. बायको पोट धरून हसायची. म्हणायची, "अहो, ते काय फोनमधून बघतायत?" काकांना स्वतःलाही हसू यायचं, पण पुढच्या फोनला हात पुन्हा बटणांकडेच जायचे.

अशा माणसाच्या तोंडून आयुष्यात एकच ठाम 'नाही' निघत असे, आणि ते बिल्ल्याचं. एकदा फोरमन रागाने लाल होऊन अंगावर धावून आला होता. माल अडकलाय, खटका टाक, नाहीतर बघतो तुला, असं बरंच काही बोलला. काका स्टुलावरून उठले, खटक्यासमोर पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, बिल्ला आहे. तो आई-बापावरून बोलला तरी यांचं तेच, बिल्ला आहे. ही गोष्ट कारखान्यात वर्षानुवर्षं सांगितली जाई, आणि ती सांगितली जात असताना काका दुसरीकडेच बघत, पण ऐकत सगळं.

नियमाला एक पुरवणीही होती. काही लोक बाहेर आल्यावर बिल्ला काढायला विसरत. तसं झालं की काकांनी शेडमध्ये ऐकू जाणारी घंटा तीनदा वाजवायची. उत्तर आलं नाही तर स्वतः ऐंशी पावलं चालून जायचं, हौदात डोकावून खात्री करायची आणि मगच बिल्ला काढायचा. विसरणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. या चहाचा सगळ्यात मोठा मानकरी होता सतरा नंबरवाला. त्याला ढग्या म्हणत, कारण त्याचं डोकं कायम ढगात. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, मोठ्या बहिणीजवळ राहणारा माणूस. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला शिलाईमशीन चालवून वाढवलं. एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आला आणि संध्याकाळपर्यंत त्याला पत्ता नव्हता. डबा विसरायचा, छत्री विसरायचा, महिन्यातून दोनतीनदा बिल्ला हुकावर विसरून जेवायला जायचा. मात्र उतरताना बिल्ला लावायला तो कधी म्हणजे कधीच चुकला नाही. कारण रोज सकाळी दारात ताई त्याला एकच गोष्ट सांगत असे, बिल्ला लाव. बाकी काही विसरलास तरी चालेल. हे त्यानेच काकांना सांगितलं होतं, हसत हसत.

आणि मग मोठे साहेब. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस कारखान्यात शोधून सापडला नसता. ते कधी आवाज चढवत नसत. झाडूवाल्यालाही 'तुम्ही' म्हणत. काकांच्या मुलीच्या परीक्षेच्या वेळी त्यांनी आठवणीने विचारलं होतं, आणि बायकोच्या आजारपणात न मागता आठ दिवसांची रजा दिली होती. ओरडणाऱ्याला नाही म्हणणं जमतं, त्याचा राग आपल्या कामी येतो. इतक्या भल्या माणसाला नाही म्हणायचं तर जोर आणायचा कुठून, हे काकांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणाला शिकवलेलं असतं म्हणा.

तो दिवस मंगळवारचा. दुपारच्या जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मोठे साहेब दोन पाहुण्यांना घेऊन खटक्याच्या खोलीत आले. पाहुणे कुठल्याशा मोठ्या कंपनीचे, माल घेण्याआधी त्यांना खटक्यापासून सगळं बघायचं होतं, मग शेडमध्ये फिरतं पातं. बरोबर फोरमन होता आणि वायरमन होता. एवढीशी खोली, त्यात एवढी माणसं, काका आपोआपच भिंतीला चिकटले. साहेब हसून म्हणाले, काका, जरा चालू करून दाखवा यांना.

काकांनी हुकाकडे पाहिलं. सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता. ढग्या साडेबाराला येऊन लावून गेला होता, ते काकांना स्पष्ट आठवत होतं. तो परत आल्याचं आठवत नव्हतं, पण काका मध्ये पाच मिनिटं हात धुवायला आणि डबा खायला मागच्या ओट्यावर गेले होते.

"साहेब, बिल्ला आहे," काका म्हणाले.

कुणाचा, असं साहेबांनी विचारलं. सतरा नंबर म्हटल्यावर फोरमन फिसकन हसला, वायरमनही हसला. साहेबांनी पाहुण्यांना दोन चपलांची गोष्ट सांगितली. पाहुणे हसले. खोलीत नुसता हशा झाला, आणि काकाही हसले. ते हसणं त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं. काही विनोद झाला म्हणून ते हसले नव्हते. सगळे हसत असताना एकट्याने तोंड पाडून उभं राहणं त्यांना जमलं नाही.

त्यांनी घंटा तीनदा वाजवली. उत्तर आलं नाही. पण पाण्याचा पाइप सोडून पातं धुणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही, हे काकांना ठाऊक होतं. डोकावून पाहायचा नियम त्यासाठीच तर होता. ते म्हणाले, दोन मिनिटांत बघून येतो. फोरमन म्हणाला, अहो, आत्ता जेवत असेल तो, रोजचंच आहे त्याचं. वायरमनने त्याची री ओढली, हो, तिकडेच गेलेला दिसला मला. त्याने खरं तर कुणालाच पाहिलं नव्हतं, पण ते नंतर कळलं. एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं. साहेबांनी ते पाहिलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "काढा तो. मी आहे ना."

एकोणतीस वर्षांत कुणी काकांना असं म्हटलं नव्हतं. त्या तीन शब्दांनी जणू त्यांच्या डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं. त्यांना बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोला. पाच माणसं त्यांच्या हाताकडे पाहत उभी होती आणि त्या पाचांत एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. काकांनी बिल्ला हुकावरून काढला, सवयीने पँटच्या खिशात टाकला आणि खटका वर केला.

पातं फिरलं की खोलीच्या जमिनीला एक ठरावीक कंप येतो. तो काकांच्या तळपायांच्या ओळखीचा होता. त्या दिवशी तो आला, मध्येच अडखळला आणि पुन्हा आला. बाकी कुणाला काही कळलं नाही. काकांनी खटका खाली ओढला. पाहुण्याने विचारलं, काय झालं.  थोड्या वेळाने शेडकडून कुणीतरी पळत येण्याचा आवाज आला.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. ढग्या गेला. ताईला दाखवायलाही फारसं काही नव्हतं, म्हणून तिला दाखवलं नाही.

संध्याकाळी मोठे साहेब पुन्हा खोलीत आले, या वेळी एकटेच. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते सोंग नव्हतं. ते काकांच्या शेजारी बाकावर बसले.  मग साहेब म्हणाले, "काका, बिल्ला असता तर तुम्ही खटका टाकला असता का? अख्खा कारखाना सांगेल, टाकला नसता. म्हणजे बिल्ला नव्हताच."

 साहेब पुढे म्हणाले की फोरमनला आणि वायरमनलाही बिल्ला पाहिल्याचं आठवत नाही. पाहुण्यांना तर बिल्ला म्हणजे काय हेही माहीत नाही. तुम्ही घाबरलेले आहात, तुमच्या मनाने घेतलंय, घरी जाऊन झोपा. अगदी मायेने बोलले ते. वर्षानुवर्षं जपलेल्या त्या एका 'नाही'चा असा फास होईल, हे काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चार दिवस असेच गेले. ज्याला त्याला काका विचारू लागले, आडून आडून. फोरमन म्हणाला, कसला बिल्ला. वायरमन म्हणाला, नव्हता बुवा. गेटवरचा माणूसही म्हणाला, नव्हता म्हणतात. तो तर त्या दिवशी सुट्टीवर होता. चौघे एकच सांगतात आणि आपण एकटे वेगळं म्हणतो, तर आपलंच काहीतरी चुकत असेल, असं काकांना खरोखर वाटू लागलं. डोळे मिटले की आधी तो हुक बिल्ल्यासकट दिसायचा. मग कधी बिल्ल्यासकट, कधी नुसता. पाचव्या दिवशी नुसता हुक दिसला आणि काकांना चक्क झोप लागली.

त्याच दिवशी बायकोने धुवायला पँट काढली. खिशात हात घातला आणि पितळी बिल्ला बाहेर आला. सतरा नंबर. ती तो घेऊन काकांसमोर उभी राहिली. काही विचारायची गरज नव्हती. काकांनी तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबला आणि रडले. मग सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "आता चौकशी आहे ना? तिथं हेच सांगायचं. अस्संच्या अस्सं." काका हो म्हणाले. बायकोलाही ते नाही कसं म्हणणार.

पण इथे त्यांनी एक चूक केली, आणि ती त्यांनीच करावी. कंपनीची वस्तू घरात राहिली याचा त्यांच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्यांनी बिल्ला फोरमनच्या हातात दिला आणि म्हणाले, चुकून घरी गेला होता. फोरमनने त्यांच्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, बरं म्हणाला. दुपारपर्यंत सतरा नंबरचा बिल्ला गेटजवळच्या फळीवर आपल्या जागी लटकत होता. ढग्याने त्या दिवशी तो फळीवरून काढलाच नव्हता, याचा पुरावा काकांनी स्वतःच्या हाताने पुरवला. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते फळीसमोर इतका वेळ उभे राहिले, की गेटवाल्याने विचारलं, काका, काही हवंय का. काही नको, असं म्हणून ते आत गेले.

चौकशी पुढच्या सोमवारी होती. सरकारी निरीक्षक बाई येणार होत्या. काकांनी घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं, बिल्ला होता, मी काढला. तिसऱ्यांदा आवाज बऱ्यापैकी निघाला होता. ऑफिसच्या खोलीत ते गेले तेव्हा बाई अजून पोचल्या नव्हत्या. मोठे साहेब एकटेच होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता. साहेब म्हणाले, बसा, पाणी घ्या. काकांनी पाणी घेतलं. साहेब म्हणाले, हा तुमचा जबाब मी तयार करून ठेवलाय, तुम्हाला लिहायचा त्रास नको, वाचून सही करा. काकांनी वाचला. 'हुकावर बिल्ला नसल्याची खात्री करून मी खटका वर केला.' साहेबांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. आता टोपण काढलेलं पेन समोर धरलेलं आहे आणि समोरचा माणूस वाट पाहतोय, अशा वेळी 'बिल्ला होता' हे वाक्य कुठून सुरू करायचं? काका सुरुवात शोधत राहिले आणि तेवढ्यात सही झालेली होती. वर ते 'थँक्यू साहेब'ही म्हणाले.

बाहेरच्या बाकावर ताई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ढग्याचा डबा आणि चपला. तिलाही बोलावलं होतं. भावाला विसरायची खोड होती आणि घरीही तो असाच वागायचा, एवढ्या मजकुरावर तिची सही हवी होती. काकांना पाहून तिने बाकावर जागा केली. काका बसले. पळून जायला हवं होतं खरं तर, पण तिने जागा केली म्हणून बसले.

"काका," ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. एकच सांगा. त्यानं बिल्ला लावला होता का?"

ती रडत नव्हती. तिचे डोळे कोरडे होते आणि ती उत्तराची वाट पाहत होती. पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी दारात सांगितलेले शब्द त्या माणसाच्या कानात शिरले होते की वाऱ्यावर गेले, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. काका तिच्यापुढे मान वर करू शकले नाहीत, पण खोटंही बोलू शकले नाहीत.

"होता," ते म्हणाले. "मी काढला."

ताईने एक मोठा श्वास घेतला. बराच वेळ ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने विचारलं, आत्ता आत काय लिहून दिलंत? नव्हता म्हणून, असं काका म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संताप असता तर काकांना सोसला असता. ती नुसतं बघत होती, एखादी वस्तू कशाची बनवलीय हे कळत नसल्यासारखी.

तेवढ्यात निरीक्षक बाई आल्या आणि पाठोपाठ ताईला आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. काकांना सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी तिचं सांत्वन केलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद वाचून दाखवला. म्हणाले, ही नुसती रीत आहे, इथे सही करा.

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली.

 आता काय होणार म्हणून काकांनी बाकाची कड घट्ट धरली. साहेबांनी पुन्हा समजावलं, आवाज तसाच मऊ. ताई म्हणाली, नाही. साहेब म्हणाले, विचार करा. ती म्हणाली, केलाय. मग साहेब म्हणाले, बरं, ठीक आहे. आणि झालं. एवढंच झालं. छत कोसळलं नाही, कुणी हात धरून बाहेर काढलं नाही, पेनाला टोपण लावल्याचा आवाज तेवढा आला. शिलाईमशीन चालवणारी एक बाई नाही म्हणाली आणि साहेब ठीक आहे म्हणाले. आपल्यालाही ते ठीक आहेच म्हणाले असते की काय, हा विचार काकांच्या मनात आला आणि त्यांना बसल्या जागी दरदरून घाम फुटला.

मग ताई बाईंशी हळू आवाजात काही बोलली, ते बाकापर्यंत आलं नाही. थोड्या वेळाने काकांना पुन्हा आत बोलावलं. निरीक्षक बाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांच्यासमोर काकांचा सही केलेला कागद होता. त्या म्हणाल्या की या ताई म्हणतात, तुम्ही त्यांना काही वेगळं सांगितलंत. साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. साहेब थांबले. काकांनी ते पाहिलं. मोठ्या साहेबांना हात दाखवून थांबवणारं माणूस ते प्रथमच पाहत होते.

"नीट आठवा," बाई म्हणाल्या, "आणि जे झालं ते सगळं सांगा."

काका ताठ उभे राहिले. शर्टाच्या वरच्या बटणाकडे हात गेला, ते लावलेलंच होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं, साडेबारापासून. कोण कुठे उभं होतं, कोण हसलं, घड्याळ कुणी पाहिलं, साहेब काय म्हणाले, खिशातला बिल्ला परत कसा गेला, आत्ताची सही कशी झाली. एकदाही अडखळले नाहीत. बाई लिहीत होत्या आणि साहेब खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी निकाल आला. ढग्याची चूक नव्हती असं कागदावर आलं. साहेबांची बदली झाली. फोरमन आणि वायरमन आता म्हणू लागले, बिल्ला होता हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. काकांची नोकरी गेली, कारण खटका शेवटी त्यांच्या हाताने वर गेला होता. त्यांच्यावरचा खटला अजून चालू आहे. पण गल्लीत आणि कारखान्यात त्यांचं नाव झालं. एवढ्या मोठ्या माणसासमोर खरं बोलायला छाती लागते, असं लोक म्हणत. जुने कामगार घरी येऊन पाठीवर थाप मारून जात. काका मान खाली घालून बसत आणि बायको आतून चहा आणून देई.

एका दुपारी ताई आली. तिने खुर्चीत न बसता दारातच सांगितलं की मी फक्त आभार मानायला आले आहे. तुम्ही बोललात म्हणून माझ्या भावाचं नाव स्वच्छ राहिलं. तुम्हाला भोगावं लागतंय हे मला कळतं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "ताई, माझे आभार मानू नका. त्या बाई म्हणाल्या सांगा, म्हणून मी सांगितलं. त्या 'गप्प बसा' म्हणाल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो."

आतल्या खोलीत बायकोच्या हातातल्या कपबशीचा आवाज थांबला. ताई उंबऱ्याशीच उभी होती. तिने हे पटकन झटकून टाकलं नाही की खोटं ठरवलं नाही. तिने त्यावर विचार केला, आणि तिला ते पटलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग त्या दिवशी," ती म्हणाली, "त्या खोलीत कुणी एकानं 'थांबा' म्हटलं असतं तर?"

"तर थांबलो असतो."

"कुणीही म्हटलं असतं तरी?"

"कुणीही."

ताईने दाराच्या चौकटीला हात टेकवला. "किती जण होतात तुम्ही आत?"

काकांनी मनातल्या मनात एकेकाला मोजलं. साहेब, दोन पाहुणे, फोरमन, वायरमन.

"मला धरून सहा," ते म्हणाले.